पितळी कवटीतला धप्पा

धप्पाने उभ्या आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. मारामारी हाच त्याचा धंदा होता, तरीही. सिनेमात नायकाच्या ठोशाने जी माणसं टेबलावरून उलटी होतात, काचेतून आरपार जातात, गच्चीवरून खाली येतात आणि ज्यांचं नाव पडद्यावर कधी येत नाही, त्यांतला तो एक. पडताना त्याच्या अंगाचा असा काही भरीव आवाज व्हायचा की आवाज घेणारे म्हणत, याला वरून काही जोडायला नको. त्यावरून तो धप्पा झाला. खरं नाव त्याच्या आईबरोबर गेलं.

त्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, मूठ गालाच्या अलीकडे चार बोटं थांबली पाहिजे. कॅमेरा पाठीमागून बघतो, त्याला ते अंतर दिसत नाही. दुसरा नियम असा की ठोसा केव्हा सुटायचा हे मारणारा ठरवत नाही, खाणारा ठरवतो. खाणाऱ्याने टाच जमिनीवर हलकेच वाजवायची. टक्. मग मूठ सुटते आणि मान फिरते.

"मार खाणारा मालक असतो," वस्ताद सांगत. वस्तादांचा डावा कान चुरगळून टाकलेल्या कागदासारखा होता. "एकाने टाचेची वाट बघितली नाही. ही त्याची सही."

वस्ताद नव्या माणसाला स्टुलावर कच्चं अंडं ठेवून त्याच्यासमोर उभं करीत. अंगातला सगळा जोर लावून मारायचं आणि अंड्यापाशी थांबायचं. अंडं फुटलं तर फरशी ज्याची त्याने पुसायची. धप्पाने सुरुवातीला पुष्कळ फरशी पुसली. पुढे त्याची मूठ इतकी तयार झाली की ती दगडासारखी सुटायची आणि अंड्यासमोर लाजल्यासारखी उभी राहायची. त्याच्या खांद्याला ते शिकवावं लागेनासं झालं. हातानेच ते पाठ केलं.

बायको त्याला कोपरांमुळे मिळाली. ती कपडेपटात शिवणकाम करायची आणि पडणाऱ्यांच्या कोटांना आतून नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, गाद्या लावायची. धप्पाची कोपरं इतक्यांदा फाटून आली की एकदा ती म्हणाली, "तुम्हाला सबंध नमद्यातच शिवून टाकते." तो म्हणाला, "टाका." एवढ्यावर लग्न ठरलं.

एकच मुलगी झाली, ठकू. ती धडपणे धावायला लागली नव्हती तेव्हापासून धप्पा तिला गादीवर उभी करून पाडायचा.

"हनुवटी छातीला. श्वास सोडून दे. हात टेकवू नकोस, हात टेकवला की मनगट गेलं. गोळा हो. हां, आता पड."

ठकू गोळा होऊन गडगडायची आणि हसायची.

"आधी चालायला तरी शिकवा पोरीला," बायको म्हणायची.

"चालायला सगळेच शिकवतात. पडायला कोण शिकवतं?"

मग 'पितळी कवटी' आला. निर्मात्याचा बादल्यांचा कारखाना होता आणि सिनेमा काढायची त्याला फार दिवसांची हौस होती. गोष्ट अशी की एका पितळी कवटीत नकाशा दडवलेला, त्याच्या मागे तस्करांची टोळी, टोळीच्या मागे गुप्त पोलीस, आणि शेवटी एका बेटावर सगळ्यांची गाठ. बेट म्हणजे दगडाच्या खाणीत साचलेलं डबकं. बोट बुडू नये म्हणून दोरीने बांधली होती आणि दोरी दिसत होती. कवटी कागदाच्या लगद्याची, वरून सोनेरी रंग. रंग वाळायच्या आत काम सुरू झालं, म्हणून नायकाचे हात अर्धा सिनेमाभर सोनेरी दिसतात.

मारामारीची माणसं मोजकीच घेतली होती, त्यामुळे प्रत्येकाला अनेकदा मरावं लागलं. धप्पा पहारेकरी म्हणून सुऱ्याने मेला, मग मिशी लावून खलाशी म्हणून बुडून मेला, मग टोपी घालून मोटारीत जळून मेला. पण शेवटी त्याला भूमिका मिळाली. खलनायकाचा उजवा हात, एका डोळ्यावर काळी पट्टी, आणि तोंडी वाक्य: "बॉस, पोलीस." त्यानंतर नायकाशी झटापट आणि बंद पडलेल्या गिरणीच्या लोखंडी जिन्यावरून खालपर्यंत पडणं. असा जिना, अशी पट्टी, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे. धप्पाने घरी ते वाक्य इतक्यांदा म्हटलं की ठकू झोपेत म्हणायला लागली.

नायक हा निर्मात्याचा भाचा. त्याला मूठ थांबवता येत नव्हती आणि टाचेचं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मनात येईल तेव्हा मारायचा. पहिल्याच झटापटीत धप्पाचे पुढचे दोन दात गेले. भाच्याने मनापासून माफी मागितली आणि पुढच्या खेपेला ओठ फाडला. हनुवटीवरून रक्त गळायला लागलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "चला, रंग वाचला." धप्पा हसला. तोंडात रक्त होतं, म्हणून ते हसणं भयंकर दिसलं. तेही त्यांनी सिनेमात ठेवलं.

जिन्याच्या तळाशी गाद्या टाकायच्या ठरल्या होत्या. ऐन वेळी गाद्या चौकटीत दिसतात म्हणून काढल्या. धप्पाने जिन्याकडे पाहिलं, कठडा हाताने हलवून पाहिला, आणि वर चढला. त्याने टाच वाजवली. भाच्याचा ठोसा त्याच्या आधीच येऊन गेला होता. धप्पा कठड्यावर आपटला आणि गेला. लोखंडी पायऱ्यांच्या कडा पाठीत, बरगड्यांत, नडग्यांत बसत गेल्या. तळाशी आल्यावर वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. गळ्याजवळचं हाड गेलं होतं.

पडणाऱ्यांची एक रीत असते. खाली आल्यावर हलायचं नाही. हललं तर दृश्य बिघडतं आणि पुन्हा पडावं लागतं. आधी कॅमेऱ्याला शॉट मिळाला का ते विचारायचं, हाडांचा हिशेब मागाहून. धप्पाने फरशीला गाल लावून विचारलं, "मिळाला?"

"मिळाला," कॅमेरावाला वरून म्हणाला.

मिळाला नव्हता. सिनेमा लागला तेव्हा धप्पा गळपट्टीत हात अडकवून, इस्त्रीचा सदरा घालून, बायको आणि लेकीला घेऊन गेला. नायकाने ठोसा मारला, काळ्या पट्टीचा माणूस कठड्यावर वाकला, आणि पुढच्या क्षणी जिन्यावरून एक पेंढा भरलेलं बुजगावणं गडगडत खाली आलं. त्याचा एक पाय उलट्या दिशेला होता आणि बाहीतून पेंढा सांडत होता. थिएटर खदखदून हसलं. माणसांनी शिट्या मारल्या.

"बाबा, तुम्ही कुठे?" ठकूने विचारलं.

"तो काय."

"तो तर पेंढा आहे."

आठवड्याच्या आत सिनेमा उतरला. निर्माता परत बादल्यांकडे वळला. धप्पाचा खांदा मात्र पुन्हा पूर्ण वर गेला नाही. खांदा न उचलणाऱ्याला गच्चीवरून कोण पाडणार? तो एका गादीकारखान्यात लागला, सोफ्यांत काथ्या भरायला. "जन्मभर खाली गादी आहे का ते बघितलं," तो म्हणायचा, "आता गाद्याच गाद्या."

ठकूचं लग्न झालं. जावई मालवाहतुकीच्या कचेरीत होता. दाढी रोज गुळगुळीत, सदऱ्याची घडी सुरीसारखी, बोलणं लोण्यासारखं. धप्पाला तो मामा म्हणायचा आणि बसायला आपली खुर्ची द्यायचा. वर्ष बरं गेलं. मग ठकू एकदा भुवईला पट्टी लावून आली.

"जिन्यावरून पडले."

ते राहत होते ती इमारत जुनी, जिना दगडी, अरुंद, मध्ये वळण, आणि वळणावर दिवा नाही. "जिना वाईटच आहे मेला," आई म्हणाली. पुढे ठकू आणखी एकदा पडली. नंतर तिचं येणंच कमी झालं. आली तरी उन्हाळ्यातही लांब बाह्यांत यायची.

"पोरगी एवढी कशी पडते?" धप्पा बायकोला म्हणाला.

"संसार आहे. भांड्याला भांडं लागतं."

"भांडी स्वयंपाकघरात वाजतात. जिन्यावर नाही."

"तुम्ही उगाच खोल जाऊ नका," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिला तो बराच वेळ ओवता आला नाही. धप्पाला विश्वास ठेवायचा होता, म्हणून त्यानेही ठेवला.

एके दिवशी जावयाचा फोन आला. "मामा, रविवारी दुपारी टीव्हीवर तुमची कवटी लागतेय. या इकडे, आमचा टीव्ही मोठा आहे. मला बघायचंय सासरेबुवांचं कर्तृत्व."

दोघं गेले. पडदे ओढलेले, पंखा चालू, जावई सोफ्यावर तंगड्या पसरून. टीव्हीवर धप्पा सुऱ्याने मेला.

"हे तुम्ही?"

"हो."

खलाशी बुडाला. "हेही तुम्हीच? मिशी निघतेय बघा पाण्यात."

"डिंक खराब होता," धप्पा म्हणाला.

"आणि मोटारीतलेही तुम्हीच. मामा, एकदा जगून तरी दाखवायचं."

सासूबाई हसल्या, कारण जावयाच्या विनोदाला हसायची त्यांना सवय होती. ठकू चहाचा ट्रे घेऊन आली. टीव्हीवर भाच्याचा ठोसा धप्पाच्या तोंडावर बसला, खरं रक्त आलं, आणि ते दाखवायला जावयाने झटकन हात वर केला.

ठकूची हनुवटी छातीला लागली. खांदे वर आले. तोंडातून श्वास सुटला. ती उभ्या जागी गोळा झाली आणि कपबशा किणकिणल्या.

जावयाने हात खाली घेतला. ती सरळ झाली आणि कप मांडायला लागली. एवढंच घडलं. पण ते धप्पाने शिकवलेलं होतं, गादीवर, ती एवढीशी असताना. आणि इथे गादी नव्हती, पडणं नव्हतं, कुणी टाच वाजवली नव्हती. तो कप घेऊन तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"हात दाखव."

"बाबा, सिनेमा चाललाय तुमचा."

"बाही वर कर."

तिने केली. दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे ठसे होते, बाहेरच्या बाजूला अंगठ्याचा एक. केसांच्या मुळाशी जुना पिवळा पडलेला वळ.

"जिना दंडाला आतून धरत नाही, ठकू."

तिने नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "मी गोळा होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं. एकसुद्धा हाड मोडलेलं नाही अजून." लहानपणी शाळेतले गुण दाखवायची तशा सुरात तिने ते सांगितलं.

धप्पाने सिंकची कड धरली.

"परवा म्हणाला," ती पुढे म्हणाली, "नुसतं सांगतेस जिन्यावरून पडले. आता एकदा खरंच टाकतो, म्हणजे खोटं बोलायला नको. बाबा, तो टाकेल. दारू प्यायलेला नसतो तो. शुद्धीवर असतो."

"चप्पल घाल."

"तुम्ही काय करणार? तुम्ही कुणाला मारलंय कधी?"

बाहेरून जावयाचं हसणं फुटलं. "मामा, या लवकर, पेंढा पडतोय तुमचा. अहो, पाय बघा कसा उलटा. हा खरा तुमच्यापेक्षा चांगला पडला."

धप्पा बाहेर आला. "आम्ही ठकूला घरी नेतोय."

जावयाने टीव्हीचा आवाज बंद केला नाही, वाढवला. "घर हेच आहे तिचं."

सासूबाईंनी लेकीच्या उघड्या दंडाकडे पाहिलं. त्यांनी पिशवी उचलली, लेकीचं मनगट धरलं आणि दार उघडलं. तिघं जिन्याच्या चौथऱ्यापर्यंत पोचले असतील, तोच जावई आला. त्याने ठकूची वेणी मुठीत गुंडाळली, मागे ओढली आणि तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा, खिळा ठोकताना माणूस जितका शांत असतो तितक्या शांतपणे. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

धप्पाने मूठ वळली आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून जावयाच्या जबड्यावर मारली.

मूठ चार बोटं अलीकडे थांबली.

जावयाने डोळे मिटले होते. ते त्याने उघडले आणि समोर हवेत उभी असलेली म्हाताऱ्याची मूठ पाहिली. धप्पाने पुन्हा मारली. ती पुन्हा तिथेच थांबली. त्याला हात पुढे ढकलायचा होता, आणि हात ऐकत नव्हता. कच्च्या अंड्यांनी त्याचा घात केला होता.

"हे काय मामा," जावई म्हणाला, "शूटिंग आहे का?"

मग त्याने मारलं. नाकाचं हाड कचकन मोडलं. धप्पाची मान उशिरा फिरली. दुसरा ठोसा पोटात बसला, तिसरा कानावर. धप्पा कठड्याला लटकला. तोंड रक्ताने भरलं, भाच्याच्या वेळी भरलं होतं तसंच. ठकू मध्ये आली तेव्हा जावयाने तिला दोन्ही दंडांना धरून पायऱ्यांच्या कडेला नेलं. तिच्या टाचा कडेबाहेर गेल्या.

"तू जिन्यावरून पडतेस ना? पड."

धप्पाने लेकीला कमरेला धरून आईच्या अंगावर लोटलं आणि स्वतः तिच्या जागी उभा राहिला, पायऱ्यांकडे पाठ करून. नाकातून रक्त वाहत होतं. त्याने जावयाच्या डोळ्यांत पाहिलं.

"ये. मालक मी आहे," तो म्हणाला, आणि दगडावर टाच वाजवली. टक्.

त्या टाचेचा अर्थ तिथे फक्त त्याच्या बायकोला कळला. तिने लेकीला भिंतीशी दाबून धरलं.

जावयाचा ठोसा आला. या खेपेला तो वेळेवर आला. धप्पाने तो गालावर घेतला, येणाऱ्या हाताचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने सुरीसारख्या घडीची कॉलर धरली, हनुवटी छातीला लावली, श्वास सोडला आणि मागे पडला.

दोघं मिळून गेले. धप्पा गोळा होता. जावई सगळा हातपाय होता. पहिल्याच पायऱ्यांवर त्याने हात टेकवला आणि मनगट गेलं. मग गुडघा दगडावर फुटला. मग तो किंचाळला आणि किंचाळतानाच त्याची हनुवटी कडेवर आपटली, जिभेचा तुकडा दातांत आला. धप्पाने कॉलर सोडली नाही. वळणावरच्या भिंतीवर दोघं आदळले तेव्हा जावई खाली होता. मांडीचं हाड मोडलं आणि पँटच्या कापडातून पांढरं टोक वर आलं. त्याच वेळी धप्पाच्या गळ्याजवळ काटकी मोडली. जुन्याच जागी.

वर टीव्हीवर नायक पितळी कवटी हातात घेऊन भाषण करत होता.

जावई विव्हळत होता. धप्पा त्याच्या अंगावर निपचित पडलेला. बायको कठडा धरून वाकली. मग खालच्या अंधारातून धप्पाचा आवाज आला.

"मिळाला?"

तिने एकदा धप्पाकडे पाहिलं, एकदा जावयाच्या मांडीकडे.

"मिळाला," ती म्हणाली. "उठा आता."

इस्पितळात जावयाला ढकलगाडीवर ठेवलं होतं आणि ठकूच्या कपाळाला टाके घालत होते. डॉक्टर तरुण होती, घाईत होती. "हे कसं झालं?"

जावयाने सुजलेली जीभ हलवली. "यांनी... या म्हाताऱ्याने मला..."

"जिन्यावरून पडले," ठकू म्हणाली. तिच्या डोळ्यावर रक्त वाळलं होतं, आवाज मात्र स्वच्छ होता. "फार वाईट जिना आहे आमचा. मी कितीदा पडलेय ते यांनाच विचारा."

डॉक्टरने टाका घालायचा हात थांबवला. तिने ठकूचा दंड पाहिला, सगळ्या बाजूंनी, मग ढकलगाडीकडे वळली. "काय हो? पडतात का या जिन्यावरून?"

जावई छताकडे बघत म्हणाला, "हो."

"आणि तुम्ही?"

"मीपण."

शेजारच्या बाकावर धप्पा नाकात कापूस घालून बसला होता. बायको त्याच्या सदऱ्याची बाही कात्रीने उसवत होती, कारण खांद्यावरून ती निघेना. "कोपराला लावायचा नमदा अजून आहे घरी," ती पुटपुटली. "थोडा." धप्पाने मोकळ्या हाताने कापड ताणून धरलं.

ठकू परत गेली नाही. काही महिन्यांनी जावई काठी टेकत धप्पाच्या इमारतीखाली आला. सदऱ्याची घडी तशीच होती. धप्पा वर, जिन्याच्या तोंडाशी, काथ्याचा गुंता सोडवत बसला होता. त्याने गुंता बाजूला ठेवला, उठून उभा राहिला आणि टाच वाजवली.

जावयाने त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, वरपासून खालपर्यंत. मग काठी वळवून आल्या वाटेने गेला.